डॉ. मुहम्मद मुसद्दिक : तेल कंपनीकडे हिशेब मागणारा वजीर

इराणचं नाव निघालं की आपल्याला १९७९ ची क्रांती आठवते. त्याआधी तिथे काय घडलं, हे मात्र आपल्या मुलांना फारसं ठाऊक नसतं. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात मिठाचा सत्याग्रह शिकवतो. समुद्र आपला, मीठ आपलं, मग कर परक्याला का, एवढा साधा तो सवाल. तसाच सवाल इराणमध्ये तेलाबद्दल विचारला गेला. विचारणारे होते डॉ. मुहम्मद मुसद्दिक. मराठी पुस्तकांत त्यांचं नाव मोसादेघ असंही छापलेलं असतं.

त्यांचा जन्म १८८२ मध्ये तेहरानच्या बड्या घराण्यात झाला. वालिद सरकारी खजिन्याचे मोठे अधिकारी, वालिदा काजार राजघराण्यातल्या. याच वालिदांनी पुढे तेहरानमध्ये नजमिया नावाचं रुग्णालय वक्फ केलं. लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलं आणि पंधरा-सोळाव्या वर्षी खुरासानच्या महसुलाचा हिशेब या मुलाच्या हाती आला. आकडे वाचायची सवय तेव्हापासूनची. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट घेतली. प्रबंधाचा विषय होता शिया फिकहमधला वसीयतीचा कायदा. म्हणजे दीनी इल्म आणि आधुनिक कायदा, दोन्ही त्यांच्याकडे होते.

आता तेलाकडे वळू. १९०१ मध्ये शाह मुजफ्फरुद्दीनने विल्यम डार्सी या इंग्रज धनिकाला ६० वर्षांचा करार लिहून दिला. उत्तरेचे पाच प्रांत सोडून बाकी इराणचं तेल त्याचं. बदल्यात २० हजार पौंड रोख, तेवढेच शेअर आणि नफ्यात १६ टक्के. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल लागलं, पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने तिचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले, कारण नौदलाची जहाजं कोळशावरून तेलावर येत होती.

आबादानला कंपनीने जगातली सर्वांत मोठी रिफायनरी उभारली. तिथे खपायला हिंदुस्थानातूनही माणसं नेली, मुंबईतून भरती व्हायची. १९२० मध्ये या हिंदी कामगारांनी तिथे संप केला होता. साहेबांना बंगले आणि क्लब, इराणी मजुरांना मात्र झोपड्या. त्यातल्या एका वस्तीचं नावच कागदाबाद पडलं होतं. कंपनी इराणला हिशेबाच्या वह्या तपासू देत नव्हती. १९५० च्या सुमारास इराणला जेवढा वाटा मिळे, त्याहून जास्त रक्कम ब्रिटिश सरकार कंपनीकडून नुसत्या कराची घेत असे.

मुसद्दिकसाहेब मजलिसमध्ये होते. १९२५ मध्ये रझा खानला शाह करायला त्यांनी भर सभागृहात विरोध केला होता. त्याची किंमत पुढे नजरकैदेच्या रूपात मोजली. १९४४ मध्ये त्यांनी असा कायदा करून घेतला की सरकारने परस्पर कुणाला तेलाची सवलत देऊ नये. त्यात रशियालाही सूट नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी नॅशनल फ्रंट स्थापन केली. १९५१ च्या मार्चमध्ये मजलिस आणि सिनेटने तेलाचं राष्ट्रीयीकरण मंजूर केलं आणि एप्रिलअखेर ते पंतप्रधान झाले. एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी कंपनीचं काही लुबाडलं नाही. भरपाईसाठी तेलाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा बाजूला ठेवायची तरतूद कायद्यातच होती.

ब्रिटनने मग नाकेबंदी केली. इराणचं तेल विकत घेणारं जहाज एडनला अडवलं. खजिना रिता झाला. वय सत्तरच्या घरात, तब्येत नाजूक, कामकाज बरेचदा बिछान्यातून. तरी मुसद्दिकसाहेब न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत गेले, हेगच्या न्यायालयातही स्वतः हजर राहिले. जुलै १९५२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हा खटला चालवायचा अधिकारच आपल्याला नाही. त्या बाजूने मत देणाऱ्यांत ब्रिटिश न्यायाधीशही होते! त्याच आठवड्यात शाहशी बिनसून राजीनामा दिलेल्या मुसद्दिकसाहेबांना जनतेने रस्त्यावर येऊन परत आणलं. त्यात अनेकांचे जीव गेले.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं आम्ही म्हणणार नाही. १९५३ मध्ये मजलिस बरखास्त करायला त्यांनी जनमत घेतलं, तेव्हा होकार आणि नकाराच्या मतपेट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या. गुप्त मतदान उरलंच नाही. आयतुल्लाह काशानींसारखे जुने साथीही तोवर दुरावले होते. घरातली ही फूट बाहेरच्यांनी वापरली. अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी पैसा पेरला, भाड्याची गर्दी उतरवली. पहिला डाव फसला, शाह देश सोडून पळाला. पण १९ ऑगस्ट १९५३ ला रणगाडे थेट पंतप्रधानांच्या घरावर आले. या कटातला आपला हात सीआयएच्या कागदपत्रांनी २०१३ मध्ये उघड कबूल केला.

लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची कैद दिली. त्यानंतर मरेपर्यंत अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैद. ५ मार्च १९६७ ला त्यांचा इंतकाल झाला. १९५२ च्या शहिदांशेजारी दफन व्हावं ही त्यांची इच्छा होती, शाहने परवानगी नाकारली. घरातल्या जेवणाच्या खोलीतच त्यांची कबर आहे.

कंपनीचं काय झालं? १९५४ मध्ये इराणचं तेल नव्या गटाकडे गेलं. ४० टक्के जुन्या कंपनीला, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, उरलेलं शेल आणि फ्रेंच कंपनीला. त्याच वर्षी तिने ब्रिटिश पेट्रोलियम हे नाव घेतलं. हीच आजची जगभर पसरलेली बीपी.

मुंबईकरांना यातला एक धागा जवळचा आहे. डार्सीचे पैसे संपत आले तेव्हा त्याला तारणारी बर्मा ऑइल कंपनी पुढे शेलबरोबर बर्मा-शेल म्हणून आपल्याकडे आली. १९५५ मध्ये माहुलला तिची रिफायनरी सुरू झाली. १९७६ मध्ये संसदेने कायदा करून, मोबदला देऊन ती ताब्यात घेतली. आज ती भारत पेट्रोलियमची आहे. इराणमध्ये ज्या गोष्टीपायी रणगाडे आले, ती इथे कागदावर सह्या होऊन पार पडली.

हा फरक आपल्या मुलांना नीट समजावून सांगायला हवा. मुसद्दिकसाहेबांकडे फौज नव्हती. कायद्याचं पुस्तक आणि हिशेबाची वही, एवढ्यावर त्यांनी जगातल्या एका बलाढ्य कंपनीला जाब विचारला. ते हरले, पण तीन वर्षांनी सुएझ कालव्यावर इजिप्तने तोच हक्क सांगितला. परक्याशी झालेला करार वाचता येणं आणि घरात एकी राखणं, या दोन गोष्टी मुलं त्यांच्याकडून शिकली तरी पुष्कळ झालं.