यशवंतराव महाराजांची वेगवान गाडी

सुरतेत बसून इंदूरच्या महाराजांची आठवण व्हावी, याला निमित्त झाली एक वापरलेली मोटार. तीन वर्षांपूर्वी मी टर्बो इंजिनाची, चांगली वेगवान अशी एक सेकंडहँड गाडी घेतली. गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या माणसाला हे शोभते काय, असे घरात विचारले गेले, आणि प्रश्न रास्तच होता. घेताना मिस्त्रीने आधी पायाखालचा गालिचा उचलून गाळ पाहिला. २००६ च्या तापीच्या महापुरानंतर सुरतेत जुनी गाडी घेताना हे पाहावेच लागते. मग सर्व्हिसची वही पाहिली, टायर पाहिले. थंड इंजिन सुरू करून आवाज ऐकण्याचे काम मात्र मी माझ्याकडे घेतले. पहिल्या मालकाने गाडी फार थोडी चालवली होती. मला वाटले, हा तर फायदाच. पण उभ्या गाडीचे रबर वाळते, बॅटरी मरते. पहिल्या दोन महिन्यांची शिकवणी नळ्या आणि टायर यांतच गेली.

माझे वडील होळकर दरबारात तबल्याच्या साथीला होते, तिथल्या कलावंतांत वयाने अगदी लहान. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यांच्या बोलण्यात यशवंतराव महाराजांच्या मोटारी नेहमी येत, आणि त्या सांगताना त्यांचा आवाज नकळत खाली येई.

महाराजांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव हे गाण्याचे मोठे आश्रयदाते. पण बावला खून प्रकरणानंतर त्यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. विलायतेत ऑक्सफर्डला शिक्षण झाले, आणि १९३० मध्ये संपूर्ण अधिकार हाती आले. त्या तरुण राजाने काय केले, तर एकार्ट मुथेसियस या जवळजवळ आपल्याच वयाच्या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग नव्या पद्धतीने बांधून व सजवून घेतली. कमानी नाहीत, झुंबरे नाहीत. सरळ रेषा, धातू आणि काच. शिल्पकार ब्रांकुशी यांचे आकाशातील पक्ष्याचे शिल्प त्यांनी एक ब्रांझचे व दोन संगमरवरी असे तीनदा घेतले. तीनही पक्षी पिसांशिवाय, चोचीशिवाय. नुसते वर निघालेले.

याच डोळ्यांनी त्यांनी मोटारी निवडल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे अमेरिकेतली ड्युसेनबर्ग एसजे. यंत्र इंडियानातले, तर वरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग यांचा, मॅकनील यांच्या आराखड्याचा. एका रांगेत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. माझ्या गाडीत धुराच्या जोरावर पंखा फिरून इंजिनात हवा कोंबली जाते. त्यांच्या गाडीत तेच काम इंजिनच्या स्वतःच्या फिरण्यावर होई. दोन्हींचा हेतू एकच, थोड्या वेळात जास्त श्वास. एवढ्या लांबलचक चासीवर बैठक मात्र दोघांची. ही गाडी तयार झाली तेव्हा तो कारखाना अखेरच्या घटका मोजत होता. १९३७ मध्ये तो बुडाला. म्हणजे सुट्या भागांची पंचाईत पहिल्या दिवसापासून. सेकंडहँड गाडीवाल्याला जी काळजी असते, ती या महाराजांना कोऱ्या गाडीबरोबरच मिळाली म्हणायची!

दोघांसाठीच्या बैठकीतले दुसरे माणूस त्याच वर्षी गेले. महाराणी संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन विशीत. पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारायचे होते. त्यासाठी १९३८ च्या सुरुवातीस ब्रांकुशी स्वतः इंदुरास येऊन गेले, पण मंदिर झाले नाही. पुढे महाराजांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले, आणि त्यांचा बराच काळ परदेशी गेला. राज्य दिवाण पाहत. प्रजेला हे आवडले नाही, आणि मलाही त्यात त्यांची बाजू घेता येत नाही. तरी सी. के. नायडूंच्या होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकला, तो याच दरबाराच्या पाठबळावर. १९४२ मध्ये हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी व्हावी म्हणून रूझवेल्टना उघड पत्र लिहिण्याचे धाडसही याच माणसाचे. २८ मे १९४८ ला मध्यभारत झाला, महाराज उपराजप्रमुख झाले, आणि १९५६ मध्ये तेही पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न.

मग सगळेच सेकंडहँड झाले. ड्युसेनबर्ग परदेशी संग्राहकांच्या हाती गेली. दोन संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने घेतले. ते कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. माणिकबागेतले सामान १९८० मध्ये मोनाकोत लिलावात निघाले, आणि त्या महालात करखात्याची कचेरी आली. वडिलांना लिलावाचे दुःख फारसे नव्हते. वाद्य विकले जाते, दुसऱ्याच्या हाती वाजते, हे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. न वाजता भिंतीला टांगून राहिलेल्या तंबोऱ्याकडे मात्र त्यांना बघवत नसे.

म्हणून मी गाडी उभी ठेवत नाही. रोज अडाजणहून सरदार पूल ओलांडून घोडदोड रोडला शिकवणीला जातो. वेग चाळीसच्या वर क्वचितच जातो. गतिरोधक आला की गाडी तिरपी घ्यायची, नाहीतर पोट घासते. पेट्रोलचा हिशेब पत्नीला सांगत नाही. सकाळी इंजिन सुरू करून मिनिटभर थांबायचे, आवाज खाली बसू द्यायचा, मग निघायचे. तंबोरा लावताना इतका धीर माझे विद्यार्थी धरत नाहीत. या आठवड्यात तेल बदलायचे आहे. मिस्त्रीने रविवारी सकाळी नऊला बोलावले आहे.