मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१५ सप्टेंबर १८६१, काही नोंदींनुसार १८६० – एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंता, म्हैसूर संस्थानाचे दिवाण व भारतरत्न पुरस्काराचे मानकरी होते. मुंबई इलाख्यातील सरकारी नोकरीनंतर त्यांनी हैदराबाद संस्थानासाठी सल्लागार अभियंता म्हणून काम केले आणि पुढेही अनेक सरकारांना व नगरपालिकांना सल्ला दिला. आज शेकडो अभियंत्यांच्या सल्लागार कंपन्या जे काम करतात, म्हणजे परक्या गावी जाऊन तेथील पाणी व जमीन पारखणे, आराखडा व खर्चाचा अंदाज तयार करणे आणि तो दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून येणे, ते काम त्यांनी दोन-चार सहाय्यकांच्या बळावर केले.

जन्म व शिक्षण

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिकबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. त्यांचे निधन विश्वेश्वरय्या लहान असतानाच झाले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला आणि १८८१ साली बी.ए. पदवी घेतली. त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेथील अभियांत्रिकीच्या परीक्षेत १८८३ साली ते मुंबई इलाख्यात पहिले आले. या यशामुळे त्यांना इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट सहाय्यक अभियंत्याची जागा मिळाली.

मुंबई इलाख्यातील नोकरी

१८८४ साली नोकरी सुरू झाली ती नाशिक व खानदेश भागांत. धुळे जिल्ह्यातील दातर्ती येथे पांझरा नदीच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात नदी वाळू आणून काम बुजवीत असे. काम काही काळ थांबवावे, ही त्यांची सूचना वरिष्ठांना रुचली नाही आणि तरुण अधिकाऱ्याबद्दल प्रतिकूल शेरा नोंदवला गेला. विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हाती घेऊन पुरे केले, तेव्हा तो शेरा मागे घेण्यात आला. जागेवर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते ते कचेरीत बसलेल्याला दिसत नाही, हा अभियंत्याच्या नोकरीतला जुना पेच त्यांना अगदी पहिल्याच वर्षांत भेटला.

सिंधमधील सक्कर गावाला सिंधू नदीचे पाणी पुरवायचे होते. नदीचे पाणी गढूळ आणि नगरपालिकेकडे गाळणीच्या हौदांसाठी पैसा नाही, अशी अडचण होती. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदून घेतली. वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी तीत जमू लागले आणि तेथून पंपाने वर चढवले गेले. गाळणी नदीनेच पुरवली, असे म्हणता येईल. पुढे १९०६ साली एडनच्या लष्करी वसाहतीच्या पाण्यासाठी सल्ला देताना त्यांनी हाच विचार निराळ्या भूमीत लावून पाहिला. एडनपासून दूर लाहेजच्या बाजूला पाऊस पडतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी तिकडच्या कोरड्या नदीपात्रात पाझर विहिरी घेण्याचे सुचवले.

खडकवासल्याचे दरवाजे

पुण्यात कार्यकारी अभियंता असताना त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम झाले. खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून दरवर्षी पावसाळ्यात पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहराला व कालव्याला तुटवडा भासे. भिंत उंच करणे धोक्याचे व खर्चाचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. तलाव ठरावीक पातळीपर्यंत भरला की वाढीव पाणी बाजूच्या हौदात शिरे. त्यातील तरंगत्या वजनामुळे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरताच बंद होत. त्यामुळे भिंतीला हात न लावता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठवता आले. या रचनेचे एकाधिकारपत्र त्यांनी घेतले. पण आपण नोकरीत असताना केलेल्या कामाचा मोबदला सरकारकडून घेणे त्यांना योग्य वाटले नाही आणि स्वामित्वशुल्क त्यांनी नाकारले.

ब्लॉक पद्धत

दख्खनच्या कालव्यांवर वरच्या भागातील बागायतदार उसासाठी हवे तितके पाणी घेत आणि शेवटच्या टोकाची गावे कोरडी राहत. जादा पाण्याने वरच्या जमिनी चिबड होत, ते वेगळेच. विश्वेश्वरय्यांनी सुचवलेल्या ब्लॉक पद्धतीत प्रत्येक गावातील भिजणारे क्षेत्र ठरवून दिले जाई. त्याच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके आणि दरवर्षी पालट, असा क्रम असे. बागायतदारांनी प्रथम विरोध केला. त्यांच्याशी बैठका घेऊन, हिशेब मांडून ही पद्धत हळूहळू रुजवावी लागली.

खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. तेथेही बंधाऱ्याखालील शिवाराचे फड पाडून एकेका फडात एकच पीक घेतात, फड पालटतात आणि गावाने नेमलेला पाटकरी पाणी वाटतो. विश्वेश्वरय्यांची नोकरी याच खोऱ्यात सुरू झाली होती. दोन्ही पद्धतींतले साम्य लक्षात येण्याजोगे आहे; फरक एवढाच की फडाचा कारभार गावाच्या हाती होता आणि ब्लॉकचा सरकारी खात्याच्या.

ब्लॉक हा शब्द पुढे गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील शेतकऱ्यांच्या तोंडी कायमचा बसला. कोपरगाव तालुका इंग्रजी अमलात असल्याने तेथे गोदावरीचे कालवे आणि ऊस आला. शेजारचा वैजापूर तालुका निजामाच्या राज्यात होता. दक्षिण सीमेवरून तीच गोदावरी वाहत असूनही तो जिरायतच राहिला. नांदूर-मधमेश्वर जलद कालव्याचे पाणी वैजापूर-गंगापूरकडे यायला स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे जावी लागली. वैजापूरच्या शाळेत भूगोल शिकवताना नकाशावरची ही एक रेघ समजावून सांगणे सोपे नसे.

राजीनामा

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी युरोपीय अधिकाऱ्यांकडेच जाई. आपल्या कामाची वाहवा होते, पण पुढची पायरी आपल्यासाठी नाही, हे ओळखून विश्वेश्वरय्यांनी १९०८ साली नोकरी सोडण्याचा निर्णय घेतला. निवृत्तिवेतनासाठी लागणारी पंचवीस वर्षे भरली नव्हती. तरीही सरकारने त्यांची सेवा ध्यानी घेऊन ते मंजूर केले. त्यानंतर ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला निघाले.

हैदराबादचा पूर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग वाहून नेला. मृतांची संख्या सुमारे पंधरा हजार सांगितली जाते. विश्वेश्वरय्या परदेशात असतानाच त्यांना निजाम सरकारचे बोलावणे आले आणि एप्रिल १९०९ मध्ये विशेष सल्लागार अभियंता म्हणून ते हैदराबादेत दाखल झाले. औरंगाबाद, वैजापूर यांसह सारा मराठवाडा तेव्हा याच राज्यात मोडत असे.

येथे त्यांच्यापुढे तीन कामे होती: शहराची पुनर्रचना, पुरापासून संरक्षण आणि मैलापाण्याचा निचरा. नदीच्या पाणलोट क्षेत्रात शेकडो जुने तलाव होते. अतिवृष्टीत त्यांतले दोनशेहून अधिक एकामागून एक फुटले आणि त्यांचे पाणी नदीच्या पुरात मिसळले. विश्वेश्वरय्यांनी पुराच्या खुणा, पावसाचे आकडे आणि नदीपात्राची मोजमापे एकत्र करून पुराचे पाणी किती असू शकते याचा हिशेब मांडला. शहरात भिंती बांधून पूर अडणार नाही, तो शहराच्या वरच्या अंगालाच धरून ठेवला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर शहरापासून काही मैलांवर जलाशय बांधण्याची आणि शहरातील नदीकाठ उंच करून तेथे रस्ते व बागा करण्याची योजना त्यांनी त्याच वर्षी सादर केली.

अहवाल देऊन ते निघून गेले. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. बांधणारे अभियंते दुसरेच होते. गटारांच्या कामाची गती त्याहून मंद होती. धरणाला जशी प्रतिष्ठा असते तशी भुयारी गटाराला नसते. त्याच कामासाठी १९२२ साली त्यांना पुन्हा हैदराबादेस बोलावण्यात आले. सल्लागाराच्या पेशातील उणीव येथे स्पष्ट दिसते. योजना त्याची, पण पैसा व हुकूम दुसऱ्याचा.

म्हैसूर संस्थान

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. येथे सल्ला आणि सत्ता प्रथमच एका हाती आली. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण (प्रारंभ १९११), म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) ही या काळातील कामे होत. १९१५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा द्याव्यात या मागणीला मात्र त्यांचा विरोध होता. महाराजांनी त्यासाठी मिलर समिती नेमल्यावर त्यांनी दिवाणपद सोडले. गुणवत्तेचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. परंतु ज्यांना शाळेचे दारच उघडे नव्हते त्यांच्या बाबतीत तो अपुरा होता, ही टीका रास्त आहे.

उत्तरायुष्य

दिवाणपदानंतर चार दशके ते पुन्हा सल्लागारच राहिले. मुंबई सरकारच्या तंत्रशिक्षणविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची सूत्रे त्यांनी १९२३ ते १९२९ या काळात सांभाळली आणि त्या कामाचा मोबदला बंगळूरच्या तंत्रशिक्षण संस्थेकडे वळवला. ओरिसातील महानदीच्या पुरांचा अभ्यास करून त्यांनी जलाशयांचा उपाय सुचवला. हिराकूड धरण १९५७ साली पूर्ण झाले. बिहारमधील मोकामा येथे गंगेवरील पुलाची जागा ठरवण्याच्या कामी नेमले गेले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. आर्थिक नियोजनावरील त्यांचा ग्रंथ १९३४ साली आणि कार्यजीवनाच्या आठवणी १९५१ साली प्रकाशित झाल्या. या आठवणींत घरगुती मजकूर फारसा नाही; नकाशे, अंदाजपत्रके आणि समित्या मात्र आहेत.

त्यांच्याविषयी आगगाडी व मेणबत्तीच्या ज्या आख्यायिका शाळांतून सांगितल्या जातात, त्या येथे घेतलेल्या नाहीत.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. पुढील एप्रिलमध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले आणि मुद्देनहळ्ळी येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.