विश्लेषण : अक्षरओळख जेमतेम, तरी इंग्लंडच्या चार नद्या जोडल्या, कोण होते जेम्स ब्रिंडली?

नदीजोड म्हटले की आपल्याला सिंचन आठवते. अठराव्या शतकातील इंग्लंडला मात्र नद्या जोडायच्या होत्या त्या मालवाहतुकीसाठी. घोड्याच्या पाठीवर जेमतेम सव्वाशे किलो माल जाई. तोच घोडा काठावरून चालत दोरीने नाव ओढू लागला, की २५ टन माल सहज हले. पण नावेला पाणी हवे आणि नद्यांच्या मध्ये डोंगर होते. हा प्रश्न ज्यांनी सोडवला, ते जेम्स ब्रिंडली कोणत्याही महाविद्यालयात शिकलेले नव्हते.

पाणचक्कीपासून कालव्यापर्यंत

ब्रिंडली यांचा जन्म १७१६ मध्ये डर्बीशायरमधील टन्स्टेड येथे झाला. सतराव्या वर्षी ते पाणचक्क्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागले. पुढे लीक गावात त्यांनी स्वतःचे काम सुरू केले. लिहिणे त्यांना कसेबसे जमे, शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहीत. आकडेमोड सगळी डोक्यात. एखादे कोडे सुटत नसेल तर ते अंथरुणात पडून राहत आणि उत्तर सापडल्यावरच उठत, असे सांगितले जाते. मँचेस्टरजवळच्या एका कोळसा खाणीत पाणी भरले, तेव्हा त्यांनी अर्वेल नदीचे पाणी बोगद्यातून आणून त्यावर पाणचक्की फिरवली आणि तिच्या जोरावर खाणीतले पाणी उपसले. त्यासाठी पाणी नदीच्या तळाखालूनही न्यावे लागले होते.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकला वर्स्ली येथील आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायचा होता. कालव्याच्या वाटेत हीच अर्वेल नदी आडवी आली. त्यावर उपाय निघाला तो नदीवरूनच, सुमारे १२ मीटर उंचीवर, पाण्याने भरलेला पूल बांधण्याचा. याचे सगळे श्रेय ब्रिंडली यांना देणे योग्य नाही. ड्यूकचे कारभारी जॉन गिल्बर्ट यांचा त्यात मोठा वाटा होता. एका नामांकित अभियंत्याने या कल्पनेची खिल्ली उडवली होती. पण जुलै १७६१ मध्ये पुलावरून नावा गेल्या आणि मँचेस्टरमधील कोळशाचा भाव निम्म्यावर आला.

पाणी झिरपले कसे नाही?

कालव्याचा खरा शत्रू गळती. ब्रिंडली यांचे उत्तर होते चिखल! चिकणमाती, वाळू आणि पाणी एकत्र तुडवायचे, अगदी भिंतीसाठी गारा तुडवतात तसे, आणि त्याचे थर तळाला व बाजूंना द्यायचे. संसदेच्या समितीसमोर त्यांनी याच मातीचा हौद करून त्यात पाणी ओतून दाखवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. दुसरी सवय म्हणजे डोंगराला वळसा घालून एकाच पातळीवरून कालवा नेणे. अंतर वाढे, पण लॉक कमी लागत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेतात.

मग आली सर्वांत मोठी योजना. मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न आणि थेम्स या चार नद्या जोडायच्या, म्हणजे लिव्हरपूल, हल, ब्रिस्टल आणि लंडन ही बंदरे देशाच्या आतून एकमेकांना जोडली जातील. पाठीशी होते जोसाया वेजवुड. त्यांची चिनीमातीची भांडी खड्ड्यांच्या रस्त्यांवर फुटत. जुलै १७६६ मध्ये ट्रेंट-मर्सी कालव्याची पहिली कुदळ वेजवुड यांनीच मारली.

सुमारे १५० किलोमीटरच्या या कालव्यात हेअरकॅसलची टेकडी आडवी आली. इथे वळसा शक्य नव्हता. २.६ किलोमीटरचा बोगदा खोदायला ११ वर्षे लागली. खर्च आवरण्यासाठी तो अरुंद ठेवला, इतका की घोड्याला वाटच नाही. नावाडी पाठीवर आडवे होऊन भिंतीला पाय लावत नाव पुढे ढकलत. लॉकची रुंदीही जेमतेम सात फूट ठेवली गेली. त्या वेळी हा हिशेब बरोबर होता, पण पुढे रेल्वे आली तेव्हा या छोट्या नावांना तिच्याशी स्पर्धा जड गेली.

भिजलेला दिवस

ब्रिंडली यांनी एकाच वेळी अनेक कालवे अंगावर घेतले होते. १७७२ मध्ये कॅल्डन शाखेची पाहणी करताना ते पावसात चिंब भिजले आणि आजारी पडले. उपचार करणारे डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांना त्यांचा मधुमेह लक्षात आला. (चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा, वेजवुड आईकडचे आजोबा.) २७ सप्टेंबरला ब्रिंडली यांचे निधन झाले.

हेअरकॅसलचा बोगदा तेव्हा अर्धवट होता. ट्रेंट-मर्सीचे काम त्यांचे मेहुणे ह्यू हेन्शॉल यांनी १७७७ मध्ये पुरे केले. थेम्सपर्यंतची जोडणी १७९० मध्ये झाली. आज या कालव्यांवर सहलीच्या नावा फिरतात. त्या बांधताना रुंदी अजूनही सात फुटांच्या आत ठेवावी लागते.