अटकेपासून कोपरगावपर्यंत

पेशव्यांच्या घराण्यात रघुनाथरावांइतके बदनाम झालेले दुसरे नाव नाही. सर्वसामान्य मराठी माणसाच्या मनात राघोबादादांची दोनच चित्रे ठसलेली आहेत. एक अटकेपार भगवा नेणाऱ्या पराक्रमी सेनापतीचे आणि दुसरे पुतण्याच्या रक्ताने हात माखलेल्या चुलत्याचे. या दोहोंपलीकडे त्यांच्या आयुष्याचे एक तिसरे पर्व आहे. इंग्रजांच्या आश्रयाने पेशवेपद मिळवू पाहणाऱ्या राघोबादादांनी जवळजवळ दहा वर्षे एका परकीय सत्तेशी वाटाघाटी केल्या. करारावर सह्या केल्या, जवाहीर गहाण टाकले, थेट लंडनला वकील धाडले. तरीही ती सत्ता नेमकी कोणाच्या हुकमाने चालते, याचा उलगडा त्यांना वेळेत झाला नाही. या पर्वाची अखेर कोपरगावात गोदावरीच्या काठी झाली.

बाजीराव आणि काशीबाई यांच्या या पुत्राचा जन्म १७३४ मध्ये साताऱ्याजवळच्या माहुली येथे झाला. थोरले बंधू नानासाहेब पेशवेपदी असताना उत्तरेकडील मोहिमांची धुरा रघुनाथरावांकडे आली. १७५७ मध्ये त्यांच्या फौजा दिल्लीत शिरल्या आणि एप्रिल १७५८ मध्ये ते स्वतः लाहोरला पोहोचले. मराठी पथकांनी पुढे अटकेपर्यंत मजल मारली. मोहीम देदीप्यमान होती, पण तिजोरीत भर पडण्याऐवजी कर्जाचा बोजा घेऊन ते परतले. मैदान मारावे आणि मिळवलेल्या मुलखाची घडी मात्र बसवता येऊ नये, हा त्यांच्या स्वभावातला उणेपणा तेव्हापासूनच दिसत होता.

पानिपतानंतर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेबांचे निधन झाले आणि अवघ्या सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. कारभार आपल्याच हाती राहावा, ही चुलत्यांची अपेक्षा. पुतण्या मात्र कर्तबगार आणि मानी निघाला. १७६२ मध्ये आळेगावी चुलत्याने पुतण्यावर मात केली, तर १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत पुतण्याने चुलत्याला कैद करून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

याच काळात इंग्रजांची नजर या घरगुती कलहावर खिळली होती. मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती. १७६७ मध्ये त्यांनी थॉमस मॉस्टिन याला पुण्यास माधवरावांकडे पाठवले आणि त्याच वेळी त्याचा सहकारी ब्रोम याला नाशिकला राघोबादादांकडे रवाना केले. एकाच घरातील दोन दारांवर दोन माणसे उभी करण्याची ही चाल होती. मॉस्टिन १७७२ मध्ये पुन्हा पुण्यास आला आणि तेथेच राहून दरबारातील हालचाली मुंबईस कळवू लागला. त्यामुळे पेशव्यांच्या घरात कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे इंग्रजांना घरबसल्या समजू लागले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. धरावे या शब्दाचे मारावे कोणी केले, याविषयी आनंदीबाईंभोवती आख्यायिकांचे जाळे विणले गेले आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र दोषाचे माप रघुनाथरावांच्याच पदरी घातले आणि पुण्याचा त्याग केला. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मुत्सद्दी एकत्र आले आणि बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंना पुत्र झाला आणि राघोबादादांच्या पेशवेपदाचा आधारच सुटला. गुजरातेत आश्रय शोधत फिरणाऱ्या दादांपुढे आता इंग्रजांखेरीज दुसरे दार उरले नव्हते.

मार्च १७७५ मध्ये सुरत येथे मुंबईकर इंग्रजांशी तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, रघुनाथरावांनी तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे आणि साष्टी व वसई कायमची सोडून द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्याचे कौन्सिल यांनी हा करार मान्य केला. राघोबादादांच्या दृष्टीने विषय संपला होता. मुंबईचा गव्हर्नर म्हणजे इंग्रजांचा सुभेदार, त्याने शब्द दिला म्हणजे इंग्रजांनी शब्द दिला, हा त्यांचा हिशेब.

हिशेबाची चूक इथेच झाली. ब्रिटिश संसदेने १७७३ मध्ये नियामक कायदा संमत केला होता आणि त्यानुसार मुंबई व मद्रास इलाख्यांना परस्पर युद्ध अथवा तह करण्यास मोठ्या प्रमाणावर मज्जाव झाला होता. अंतिम अधिकार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलकडे आणि त्याच्या कौन्सिलकडे गेला होता. त्या कौन्सिलात वॉरन हेस्टिंग्ज अल्पमतात होता आणि बहुमत त्याच्या विरोधकांचे होते. कलकत्त्याने मुंबईचा करार बेकायदा ठरवला आणि कर्नल अप्टन याला थेट बारभाईंशी बोलणी करण्यास पाठवले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, आणि दादांनी फौज मोडून दरमहा पंचवीस हजार रुपयांच्या नेमणुकीवर कोपरगावी जाऊन राहावे, असे ठरले. पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांचे पत्र आले, त्यात मात्र सुरतच्या तहाला पसंती होती. मुंबईने दिले, कलकत्त्याने काढून घेतले आणि लंडनने पुन्हा उचलून धरले. एकाच कंपनीची ही तीन तोंडे तीन दिशांना बोलत होती.

राघोबादादांनी कोपरगाव नाकारले. ते इंग्रजांच्या आश्रयास मुंबईत जाऊन राहिले आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहू लागले. १७७८ च्या अखेरीस मुंबईकरांनी त्यांना बरोबर घेऊन पुण्यावर चाल केली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी या फौजेची पुरती कोंडी केली आणि इंग्रजांना मानहानीकारक तह करावा लागला. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. झाशीकडे नेले जात असताना वाटेत नर्मदेपाशी ते निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडेच आले.

मराठ्यांपाशी वकिलीची परंपरा नव्हती असे नाही. दिल्लीत हिंगणे घराण्याने आणि हैदराबादेत गोविंदराव काळे यांच्यासारख्यांनी हे काम नामांकित केले. मुलगा बापाच्या शेजारी बसून फारसी पत्रव्यवहार, दरबारी रिवाज, सरदारांचे हेवेदावे आणि देण्याघेण्याचे मर्म शिकत असे. मोगल आणि निजाम यांच्या दरबारांसाठी ही घरगुती शाळा पुरेशी होती. गव्हर्नर, कौन्सिल, संचालक मंडळ आणि संसद अशा उतरंडीवर चालणाऱ्या इंग्रजांच्या कारभारासाठी मात्र अशी शाळा कोठेच नव्हती. नाना फडणीसांनी ही उणीव काही अंशी ओळखली. त्यांनी कलकत्त्यात लाला सेवकराम यांना वकील म्हणून ठेवले, इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वैराचा उपयोग करून पाहिला आणि १७८० मध्ये हैदरअली, निजाम व नागपूरकर भोसले यांना एकत्र आणण्याचा डाव मांडला.

राघोबादादांनी त्याच सुमारास आपल्या आयुष्यातील सर्वांत धाडसी राजकीय पाऊल उचलले. कलकत्त्याच्या वर लंडन आहे हे आता त्यांना कळले होते. हनुमंतराव नावाचे ब्राह्मण वकील आणि मणियार रतनजी व त्यांचे पुत्र कर्सेटजी हे पारशी गृहस्थ यांना त्यांनी विलायतेस पाठवले. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. तिकडची भाषा, हवा, पैसा, ओळखीपाळखी यांपैकी कशाचीच तयारी नव्हती. सोवळ्याओवळ्याचे निर्बंध पाळणाऱ्या हनुमंतरावांना तर स्वतःच्या हाताने शिजवायलाही धड जागा मिळेना. त्यांचे हाल संसदसदस्य एडमंड बर्क याच्या कानी गेले. त्याने या पाहुण्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतील काचगृह त्यांच्या स्वयंपाकासाठी व पूजाअर्चेसाठी मोकळे करून दिले. संसदेच्या समितीने हनुमंतरावांकडून हिंदूंच्या चालीरीतींची माहितीही घेतली.

या भेटीतून ज्याने अधिक शिकून घेतले तो बर्क होता. पुढे १७८८ पासून वॉरन हेस्टिंग्जवर चाललेल्या महाभियोगात हिंदुस्थानचा कैवार घेऊन उभा राहिलेला हाच माणूस. वकिलांच्या मूळ कामाला मात्र यश आले नाही. रिकाम्या हाताने परतलेल्या हनुमंतरावांना समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले. विलायत पाहिलेला, संसदेपुढे बसलेला असा माणूस त्या काळी लाखात एक होता. त्याच्या अनुभवाचा उपयोग पुढच्या वकिलांना तयार करण्यासाठी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात शुद्धीचा सोपस्कार पार पडला आणि ते ज्ञान तिथेच थांबले.

वकील परतेपर्यंत फासे उलटले होते. हैदरअलीच्या स्वारीने मद्रासकडील इंग्रज हैराण झाले होते आणि हेस्टिंग्जला मराठ्यांशी तातडीने सलोखा हवा होता. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, सवाई माधवरावांचे पेशवेपद मान्य झाले आणि राघोबादादांना यापुढे कसलीही मदत करायची नाही, असे इंग्रजांनी लिहून दिले. ज्यांच्या नावाने युद्ध सुरू झाले त्यांची किंमत सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी ठरली. चार महिन्यांत राहण्याचे ठिकाण ठरवावे आणि दरमहा पंचवीस हजार रुपये घ्यावेत, एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

त्यांनी कोपरगाव निवडले. सात वर्षांपूर्वी पुरंदरच्या तहात नेमके हेच गाव आणि हीच रक्कम त्यांच्यापुढे ठेवली होती. मधल्या काळात हजारो माणसे मेली, मुलूख गेला, जवाहीर गेले, आणि अखेर हिशेब पूर्वीच्याच आकड्यावर येऊन थांबला. आनंदीबाई, दत्तक पुत्र अमृतराव आणि आठ वर्षांचे बाजीराव यांच्यासह ते १७८३ मध्ये गोदाकाठी आले. तेथे त्यांना जेमतेम काही महिने मिळाले. ११ डिसेंबर १७८३ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, राघोबादादांचे निधन झाले. धाकटे पुत्र चिमाजी अप्पा यांचा जन्म त्यानंतर, १७८४ मध्ये झाला.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात कायमचा दाखल झाला. १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. इंग्लंडहून आलेल्या कोवळ्या तरुणांना तेथे देशी भाषा, कायदे आणि इतिहास शिकवून कारभारासाठी तयार केले जाऊ लागले. विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी शिकवली आणि १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पुण्याच्या रेसिडेन्सीत साहाय्यक म्हणून उमेदवारी केली आणि १८११ मध्ये तो तेथेच रेसिडेंट होऊन आला. त्याच्यासमोर पेशवे म्हणून होते दुसरे बाजीराव, म्हणजे कोपरगावी वडिलांचा पराभव पाहिलेला तो मुलगा. त्यांनीही १८०२ मध्ये वसई येथे इंग्रजांशी तह करून वडिलांचीच वाट धरली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली. तोफांइतकाच या निकालात त्या शिक्षणाचाही वाटा होता.

आज परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था दिल्लीत आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०२० मध्ये सुषमा स्वराज यांचे नाव देण्यात आले. परदेशांतील तरुण राजनैतिक अधिकारीही तेथे शिकण्यास येतात. समोरच्या राष्ट्रात निर्णय कोण घेतो, दिलेला शब्द पाळण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्या शब्दाला कोण खोडा घालू शकतो, हा या विद्येचा पहिला धडा. सुरतेत करारावर सही करताना राघोबादादांना तो सांगणारे कोणी नव्हते.

कोपरगावात राघोबादादांचा वाडा आजही दाखवला जातो. जवळच गोदावरीच्या बेटावर शुक्राचार्यांचे आणि कचेश्वराचे मंदिर आहे. देवांनी कचाला शत्रूच्या गुरूकडे विद्यार्थी म्हणून पाठवले आणि संजीवनी विद्या हाती येईपर्यंत तो तेथेच राहिला, ही कथा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पेशव्यांच्या घरातही ती सर्वांना ठाऊक असणार. परंतु कलकत्त्याला किंवा लंडनला शिकण्यासाठी कोणी कच पाठवला नाही. शिकायला आले ते समोरचेच, आणि पुढचे राज्यही त्यांचेच झाले.