किहीमची सुगरण आणि लॅटिन षष्ठी

नोकरी गेल्यामुळे अलिबागजवळच्या किहीम गावी येऊन राहिलेल्या एका गृहस्थाचे नाव पुढे दूरदेशीच्या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांना आणि वटवाघळाला दिले. ते गृहस्थ म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि आयुष्याची दिशा ठरली. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली काम करून १९३० मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झाली होती.

पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी किहीम गाठले. तेथे सुगरणीच्या वसाहतीचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग तो ते पुरे करतो. आणि ती अंड्यांवर बसली की नव्या घरट्याला लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. मराठीत नाव स्त्रीलिंगी, विणकर मात्र नर! लॅटिन नावही असेच चकविणारे. ते 'फिलिपिनस' असले, तरी हा पक्षी मूळचा फिलिपिन्सचा नाहीच. पण एकदा रूढ झालेले शास्त्रीय नाव चुकीच्या अर्थासाठी बदलता येत नाही. म्हणूनच नाव ठेवणाऱ्याची जबाबदारी मोठी.

व्यक्तीचे नाव देताना लॅटिन षष्ठीचा प्रत्यय जोडतात. आपले 'चा-ची-चे' वस्तूच्या लिंगावरून ठरते, तेथे ते व्यक्तीच्या लिंगावरून ठरते. स्वतःचे नाव स्वतःच न देण्याचा संकेतही आहे. १९४८ मध्ये दक्षिणेच्या डोंगरांत मिळालेले एक वटवाघूळ सोसायटीच्या संग्रहात चुकीच्या नावाने पडून होते. थायलंडचे कित्ती थाँगलाँग्या यांनी १९७२ मध्ये ते वेगळे ओळखले आणि त्याला 'लॅटिडेन्स सलीमअलीआय' हे नाव दिले. २०१६ मध्ये पूर्व हिमालयातील एका कस्तुरालाही हेच नाव मिळाले. तेव्हा सलीम अलींना जाऊन जवळपास तीन दशके लोटली होती.

सर्वांत हृद्य नाव मात्र त्यांचे नाही. १९३४ मध्ये व्हिसलर आणि किनियर यांनी केरळकडील सोनपाठी सुताराच्या उपजातीला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून 'तेहमिनी' म्हटले. पाचच वर्षांनी, १९३९ मध्ये, तेहमिना निवर्तल्या. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. किहीमपासून रानोमाळ सोबत करणाऱ्या त्या सहचारिणीचे नाव सुताराने मात्र आजही जपले आहे.