हिल्डे मांगोल्ड : पंचवीस वर्षांचे आयुष्य, शतकाचा शोध

एका पेशीपासून वाढणाऱ्या गर्भात कोणत्या पेशींनी मेंदू घडवावा आणि कोणत्या पेशींनी त्वचा, हे कसे ठरते? या प्रश्नाला निर्णायक वळण देणाऱ्या हिल्डे मांगोल्ड यांचा जन्म २० ऑक्टोबर १८९८ रोजी जर्मनीतील गोथा येथे झाला. फ्रायबुर्ग विद्यापीठात हान्स स्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या फिकट भ्रूणातील सूक्ष्म तुकडा दुसऱ्या जातीच्या गडद भ्रूणात रोपला. तेथे मज्जारज्जूसह जणू जुळा गर्भच आकारू लागला. नवा मज्जारज्जू मुख्यतः गडद पेशींचाच होता. म्हणजे रोपलेल्या तुकड्याने शेजारच्या पेशींचे भवितव्य बदलले होते.

प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रियेनंतर बहुतेक भ्रूण दगावत. तरीही त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला, घरात भाजल्यामुळे, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

१९३५ चे नोबेल पारितोषिक या शोधासाठी एकट्या स्पेमान यांना मिळाले. मरणोत्तर सन्मानाची वाट बंदच होती. मात्र भ्रूणातील तो तुकडा आज ‘स्पेमान-मांगोल्ड संघटक’ म्हणून ओळखला जातो. गुरूच्या नावाशेजारी शिष्येचे नाव विज्ञानाने असे जपले आहे.