राजा दीनदयाळ

आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्यें मीरतजवळील सरधना येथें झाला. रुडकीस शिक्षण घेऊन ते इंदुरास बांधकाम खात्यांत लागले व तेथेंच त्यांस छायाचित्रणाचा नाद लागला. १८८२ मध्यें सर लेपेल ग्रिफिन यांजबरोबर ते बुंदेलखंडांतील दूरदूरच्या प्राचीन स्थळांच्या प्रवासास निघाले. जड कॅमेरा व कांचेच्या प्लेटी बरोबर न्याव्या लागत. प्लेट फुटली कीं सारे श्रम वायां जात. तरी त्यांनीं तेथील देवळें व किल्ले मोठ्या चिकाटीनें टिपले.

पुढें सहाव्या निजामांनीं त्यांस आश्रय देऊन राजा ही पदवी दिली. दरबार व शिकारी यांजबरोबरच औरंगाबादेकडील दुष्काळी कामांचींहि छायाचित्रें त्यांनीं तितक्याच आस्थेनें घेतलीं. १९०५ मध्यें ते निवर्तले.

त्यांच्या २,८५७ प्लेटी १९८९ मध्यें दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें घेतल्या. कांच ठिसूळ खरी. पण जपणारा हात असला म्हणजे तीहि शतक ओलांडते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावें.